ओमानला कामाला निघालात? साइटवरची मोडकी अरबी तीन महिन्यांत कशी उचलायची

मी चिपळूणजवळच्या गावातला, आयटीआय करून २०११ साली एसी मेकॅनिक म्हणून मस्कतला आलो. निघताना एजंट म्हणाला होता तिकडे हिंदी चालते, काही काळजी नको. रुवीच्या बाजारात चालतेच, खोटं नाही. पण तिसऱ्याच दिवशी मला बरकाच्या बाजूला एका घरी पाठवलं आणि घरमालक म्हातारे गृहस्थ दारातच म्हणाले, "मुकय्यिफ माफी बारिद." मला वाटलं हे माझी माफी मागतायत, म्हणून मी हात जोडून म्हटलं नाही नाही बाबा, असं नका बोलू. ते परत तेच म्हणाले, जरा मोठ्याने. मुकय्यिफ म्हणजे एसी, बारिद म्हणजे थंड आणि माफी म्हणजे 'नाही'. एसी थंड करत नाही एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

तेव्हापासून दरवर्षी रूममध्ये नवीन पोरं येतात, कोणी खेडचा, कोणी महाडचा, कोणी पार मराठवाड्यातला, आणि सगळ्यांचे पहिले दोन-तीन महिने ह्याच गोंधळात जातात. म्हणून जे मला कोणी सांगितलं नव्हतं ते क्रमाने लिहितोय. ओमानचं लिहितोय कारण मी इथे आहे, पण कुवेत, कतार, सौदी, दुबई कुठेही गेलात तरी ऐंशी टक्के हेच कामाला येईल.

१. आधी समजून घ्या ही कुठली भाषा आहे

साइटवर, दुकानात, टॅक्सीत, मालकाच्या घरी जी अरबी ऐकू येते ती पुस्तकातली अरबी नाही आणि ओमानी लोक आपापसात बोलतात ती पण नाही. बाहेरून आलेले कामगार आणि इथले लोक यांच्यात कामापुरती तयार झालेली ही तिसरीच भाषा आहे. भाषेचा अभ्यास करणारे तिला गल्फ पिजिन अरबी म्हणतात, त्यावरचा पहिला अभ्यास जे. आर. स्मार्ट यांनी १९९० मध्ये छापला. शब्द बहुतेक अरबी, पण व्याकरण पार छाटून टाकलेलं. लिंग नाही, अनेकवचन नाही, क्रियापदाची रूपं नाहीत. काही सवयी आपल्या हिंदी-मराठी-मल्याळीच्या आहेत.

महत्त्वाचं म्हणजे अरब लोक पण आपल्याशी हीच बोलतात. घरात मुलांशी वेगळं बोलतील, आपल्याकडे वळले की लगेच "इन्ता रूह फोग, शूफ मुकय्यिफ" (तू वर जा, एसी बघ). त्यामुळे नवीन माणसाला वाटतं हीच अरबी. तसं नाही, आणि हे पहिल्या दिवसापासून डोक्यात ठेवा म्हणजे पुढे (पायरी ८ मध्ये) फसणार नाही.

पण तिला हलकी पण समजू नका. बांगलादेशी गवंडी, मल्याळी स्टोअरवाला, नेपाळी हेल्पर आणि ओमानी मालक या चौघांना जोडणारी तीच एक भाषा आहे, सगळ्या बांगलादेश्यांना हिंदी येते असं धरून चालू नका. आणि अशा भाषा मोठ्या होतात. दक्षिण सुदानची जुबा अरबी अशीच एकोणिसाव्या शतकात सैन्याच्या छावण्यांमधून सुरू झाली आणि आज तिथे कितीतरी लोकांची ती घरची भाषा आहे. त्याच छावण्यांमधल्या सैनिकांच्या वंशजांची नुबी भाषा केनिया आणि युगांडामध्ये अजून बोलली जाते.

२. निघण्याआधी आणि पोचल्यावर जवळ काय हवं

- खिशात मावेल अशी वही आणि पेन. मोबाईलवर लिहू नका, ग्रीसच्या हाताने मोबाईल काढायचा कंटाळा येतो आणि शब्द विसरतो.
- मोबाईलमध्ये ट्रान्सलेटर अॅप, अरबी भाषा डाऊनलोड करून (साइटवर रेंज नसते), आणि कॅमेऱ्याने पाटी वाचता येते ते चालू करून बघितलेलं.
- कराराची कॉपी. ज्या कागदावर सही केली त्याची अरबी कॉपी पण मागून घ्या, फक्त इंग्लिश घेऊन गप्प बसू नका.
- पासपोर्ट आणि व्हिसाच्या झेरॉक्स, शिवाय मोबाईलमध्ये फोटो. इथे आल्यावर रेसिडेंट कार्ड मिळतं, त्याला सगळे 'बिताका' म्हणतात, त्याचा पण फोटो.
- एक छोटं कार्ड, कंपनीतल्या अरबी येणाऱ्या माणसाकडून लिहून घेतलेलं: तुमचं नाव, रक्तगट, राहायची जागा, कंपनीचा फोन, आणि कुठल्या औषधाची अॅलर्जी असेल तर ती. हे पाकिटात कायम.

शेवटच्या कार्डाकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. करू नका, कारण पुढे वाचाल तेव्हा कळेल.

३. पहिला आठवडा: फक्त 'फी' आणि 'माफी'

पहिल्या आठवड्यात बाकी काही शिकलं नाही तरी चालेल, हे दोन पक्के करा. 'फी' म्हणजे आहे, 'माफी' म्हणजे नाही. ह्या दोनांवर अर्धी भाषा उभी आहे.

फी मुश्किला? अडचण आहे का. माफी मुश्किला, काही अडचण नाही. फी माय? पाणी आहे का. माफी कहरबा, लाईट नाही. अना फी मालूम, मला माहीत आहे. अना माफी मालूम, माहीत नाही. हुवा माफी शुगुल अल्योम, तो आज कामावर नाही. फी कुठल्याही शब्दाला लावता येतो, नाव असो की क्रिया, "इन्ता फी रूह सूग?" म्हणजे तू बाजारात चाललायस का.

माणसं तीनच: अना (मी), इन्ता (तू, तुम्ही), हुवा (तो). माणसं मोजायची तर 'नफर'. कम नफर? किती जण. खमसा नफर, पाच जण. अनेकवचन करायचं नाही, तलाता मुकय्यिफ म्हणजे तीन एसी, झालं.

सापळा एकच, 'माफी' ऐकल्यावर आपलं डोकं मराठीत जातं. पहिले पंधरा दिवस जाईल, नंतर सवय होते. सॉरी म्हणायचं असेल तर इथे 'आसिफ' किंवा सरळ 'सॉरी' म्हणा.

४. मराठीतून फुकट मिळणारे शब्द, आणि तिथेच बसणारे फटके

ही माझी सगळ्यात आवडती पायरी आहे, कारण मी दोन वर्षं इथे राहिल्यावर मला कळलं की आपल्याकडे अरबीचा साठा आधीच आहे, फारसीतून मराठीत आलेला, आणि कोणी सांगत नाही.

हिसाब म्हणजे हिशेब. बाकी म्हणजे बाकी. खबर, जवाब, तारीख, दुक्कान, साबून, दवा, वकील, खलास, सगळं तेच. बस म्हणजे बस्स, आणि 'फक्त' पण. खरबान म्हणजे बिघडलेलं, आपलं खराब त्याच घरातलं, माझ्या धंद्यात हा शब्द दिवसाला वीस वेळा येतो. खतर म्हणजे धोका. गानून म्हणजे कायदा, आपला कानून. थांब म्हणायला कामगार 'सबूर' म्हणतात, ते तर आपलं सबुरी. बंद करायला गल्फमध्ये 'बन्निद' म्हणतात, तो फारसी 'बंद'वरूनच तयार झालाय, म्हणून "बन्निद मुकय्यिफ" मला पहिल्या झटक्यात कळलं.

पगाराला इथे 'रातिब' म्हणतात. आपल्याकडे दुधाचा रतीब असतो ना, तोच शब्द, ठरलेलं नेमाने येणारं ते रतीब. हा एकदा डोक्यात बसला की विसरत नाही.

मालकी दाखवायला दोन शब्द: 'माल' आणि 'हग्ग'. एक आपला माल, दुसरा आपला हक्क. बेत माल अना, माझं घर. हादा माल मीन? हे कोणाचं. हादा हग्ग इन्ता, हे तुझं. आपल्याला 'चा-ची-चे' जुळवायची सवय, इथे काही नाही, माल टाका आणि पुढे चला.

उलटं पण झालंय. ओमानचं चिल्लर नाणं 'बैसा', म्हणजे आपला पैसा, हजार बैशांचा एक रियाल. रस्ता सांगताना टॅक्सीवाले 'सीदा' म्हणतात म्हणजे सरळ, तो आपल्याकडून गेलेला. हे उगाच नाही. मुंबई आणि ह्या किनाऱ्याचा व्यापार फार जुना, आणि १९५९ साली भारताच्या रिझर्व्ह बँकेने खास ह्या भागासाठी वेगळा गल्फ रुपया छापला होता, ओमानमध्ये तो १९७० पर्यंत चालला. मत्रहच्या जुन्या बाजारात म्हातारे दुकानदार अजून चांगली हिंदी बोलतात त्याचं कारण हेच.

आता फटके. हे शब्द ओळखीचे वाटतात आणि अर्थ भलताच असतो, वहीच्या पहिल्या पानावर लिहा:

- रकम: नंबर. पैशांची रक्कम नाही. "कम रकम?" म्हणजे फोन नंबर किंवा घर नंबर विचारतायत, बिल नाही.
- गरीब: जवळ. "बेत गरीब" म्हणजे घर जवळच आहे. लांब असेल तर 'बईद'.
- मकान: जागा, ठिकाण. घर नाही, घर म्हणजे बेत.
- तमाम: ठीक, मस्त. 'सगळे' नाही, सगळ्याला 'कुल्लू'.
- माफी: वर सांगितलंच.

५. वाक्य कसं जोडायचं

क्रियापद बदलत नाही हे लक्षात घ्या. मी जातो, तू जातोस, ते गेले, सगळ्याला 'रूह'. मग काळ कसा कळणार? बाहेरून शब्द लावून.

झालेलं असेल तर 'अव्वल': अना अव्वल शुगुल मुंबई, मी आधी मुंबईत कामाला होतो. पुढे होणार असेल तर 'बादेन' किंवा 'बुकरा' (उद्या): अना बादेन यीजी, मी नंतर येतो. काम पूर्ण झालं तर 'खलास': खलास सव्वी, करून झालं. आत्ता म्हणजे 'अल्हीन'.

'सव्वी' हा शब्द म्हणजे सोन्याची खाण आहे, त्याचा अर्थ 'कर'. आपण जसं फोन करणे, रिपेअर करणे, साफ करणे म्हणतो तसंच, नाव घ्या आणि सव्वी लावा. सव्वी तनजीफ, साफ कर. सव्वी तसलीह, दुरुस्त कर. सव्वी तिलिफून. क्रियापद आठवत नसेल तर इंग्लिश शब्दाला सव्वी लावा, सव्वी चेक, सव्वी पार्किंग, सगळ्यांना कळतं.

क्रम काय ठेवायचा? आपली माणसं क्रियापद शेवटी टाकतात, "इन्ता सूग रूह?", अरब लोक मधे टाकतात, "इन्ता रूह सूग?". दोन्ही चालतं, त्यावर वेळ घालवू नका.

उच्चाराचं थोडं. अरबीत घशातून काढायचे जे आवाज आहेत ते ह्या भाषेत गळून पडतात, त्यामुळे घसा खरवडत बसू नका. पण ऐकताना तयारी ठेवा, एकच शब्द दोन-तीन प्रकारे येतो. बाजार कोणी सूक म्हणेल कोणी सूग, कॉफी कोणी कहवा कोणी गहवा. 'आण' म्हणजे जीब, पण ओमानच्या बऱ्याच भागात ज चा ग होतो आणि गीब ऐकू येतं, कुवेत-दुबईकडे यीब होतं. मला नखलच्या एका घरात हा शब्द तीन वेळा ऐकून पण कळला नव्हता, नुसता ज चा ग झाला होता.

६. आकडे, वार, पैसे

वाहिद, इतनेन, तलाता, अरबा, खमसा, सित्ता, सबा, तमान्या, तिसा, अशरा. दहा दिवसांत पाठ होतात. पुढचं आपल्याला सोपं आहे कारण अरबीत एकक आधी येतो, खमसा व इशरीन म्हणजे पाच आणि वीस, आपल्या पंचवीससारखंच. इंग्लिश बोलणारा इथे अडखळतो, आपण नाही. मिय्या शंभर, अल्फ हजार, नुस अर्धा, रुबु पाव.

वार पण आकड्यांवरून आहेत आणि इथे मी स्वतः फसलोय. रविवार अहद (पहिला), सोमवार इतनेन, मंगळवार तलाता, बुधवार अरबा, गुरुवार खमीस, मग जुमा आणि सब्त. गुरुवारी एका गिऱ्हाइकाने फोनवर सांगितलं "योम इतनेन ताल", मी समजलो दोन दिवसांनी ये, शनिवारी गेलो, घराला कुलूप. त्यांना सोमवार म्हणायचं होतं. गाडीचं पेट्रोल गेलं, दिवस गेला आणि सोमवारी परत जावं लागलं. आता मी वार सांगितला की तारीख पण विचारून घेतो, "कम तारीख?". शुक्रवार-शनिवार सरकारी सुट्टी असते हे पण धरून ठेवा.

लिहिलेले आकडे वेगळेच शिकावे लागतात, नंबर प्लेटवर, बिलावर, घरांवर. सगळ्यात मोठा सापळा: जो आपल्याला गोल शून्यासारखा दिसतो तो तिथे पाच आहे, आणि शून्य म्हणजे नुसतं टिंब. गोल आणि पुढे टिंब असेल तर ते पन्नास. सात म्हणजे इंग्लिश व्ही सारखी खूण, आठ म्हणजे तीच उलटी, आणि सहा हा इंग्लिश साताचा भास देतो. रोज येता-जाता गाड्यांच्या प्लेटी वाचा, प्लेटवर दोन्ही आकडे असले की आपोआप शिकवणी होते.

७. हुकूम ऐकू येतातच, प्रश्न आणि नकार शोधून शिका

ही पायरी नीट वाचा, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच.

विचार करा, नवीन माणसाच्या कानावर कुठले शब्द पडतात? रूह (जा), ताल (ये), जीब (आण), शील (उचल), हुत्त (ठेव), फुक (उघड), शूफ (बघ), यल्ला (चल चल). सगळे हुकूम. त्यामुळे महिन्याभरात हुकूम सगळे कळायला लागतात आणि आपल्याला वाटतं भाषा आली. पण आपल्याला काही विचारायचं असेल, थांबवायचं असेल, नाही म्हणायचं असेल तर तोंडात शब्दच नसतो, कारण ते शब्द कोणी आपल्याला बोलतच नाही. लेबनॉनमध्ये घरकाम करणाऱ्या श्रीलंकन बायकांच्या अशाच मोडक्या अरबीचा अभ्यास झालाय, त्यांची क्रियापदं बाईला हुकूम देताना जे रूप वापरतात त्या रूपातली आहेत, कारण मालकिणीकडून त्यांनी तेवढंच ऐकलं. हे वाचलं तेव्हा मला फार लागलं, कारण आमच्या रूमवर पण तेच होतं.

म्हणून हे शब्द मुद्दाम, कोणी न सांगता शिका.

विचारायचे: एश (काय), लेश (का), वेन (कुठे), मिता (कधी), मीन (कोण), केफ (कसं), कम (किती). कळलं नाही तर "गूल मर्रा तानी", परत सांगा. "शुवय्या शुवय्या", हळूहळू. न कळता मान हलवणं ही सगळ्यात वाईट सवय, त्याने काम चुकतं आणि मग दोष आपल्यावरच येतो.

परवानगीचा: "मुमकिन?" शक्य आहे का, चालेल का. "मुमकिन अना दाखिल?" आत येऊ का. घरी जाऊन काम करणाऱ्याला हा रोज लागतो.

नकाराचे: "अना माफी सव्वी हादा, हादा खतर", मी हे करणार नाही, धोका आहे. "वाजिद हार", फार गरम आहे. "अना ताबान", मी दमलोय, आजारी आहे. "लाजिम नफर तानी", दुसरा माणूस हवाच. एकट्याला आऊटडोअर युनिट उचलायला सांगितलं तर हे वाक्य कंबर वाचवतं.

ओमानमध्ये जून ते ऑगस्ट दुपारी १२:३० ते ३:३० उघड्यावर काम करायला बंदी आहे. माझ्या दुसऱ्या उन्हाळ्यात एका फोरमनने त्याच वेळेत आम्हाला गच्चीवर चढवलं होतं, सोबतचा मुलगा चक्कर येऊन खाली बसला आणि आमच्यापैकी कोणालाच एक वाक्य बोलता आलं नाही. नियम आमच्या बाजूने होता, शब्द नव्हते. ते वाक्य असं: "अल्हीन माफी शुगुल बर्रा, हादा गानून." आत्ता बाहेर काम नाही, हा कायदा आहे. शांतपणे म्हणायचं, आवाज न चढवता. पाठ करा, उन्हाळा यायच्या आधी.

पगाराचं पण तसंच: "वेन रातिब?" असं तोडून विचारण्यापेक्षा "मुदीर, रातिब मिता?", साहेब पगार कधी. आणि उत्तर "बुकरा इन्शाल्ला" आलं तर तारीख विचारून वहीत लिहा, कारण इन्शाल्ला मनापासून म्हटलेला असतो पण ती तारीख नसते.

८. जिथे ही भाषा अजिबात वापरायची नाही

दवाखाना. विचार करा, ह्या भाषेत काळच नाही. "अना अकिल दवा" म्हणजे मी औषध घेतलं, घेतो की घेणार आहे? डॉक्टरला ते कळणं गरजेचं असतं. दुखतं तिथे हात लावून "हिना यिअव्वर" (इथे दुखतंय) एवढं म्हणा, रास डोकं, बतन पोट, आणि पुढचं हिंदी किंवा इंग्लिश येणाऱ्या नर्सकडून सांगा, बऱ्याच ठिकाणी मल्याळी नर्स भेटतात. तीन शब्द मात्र अरबीत पाठ हवेत: सुक्करी (डायबेटिस), दगत (बीपी), हस्सासिया (अॅलर्जी). आणि पायरी २ मधलं कार्ड काढून दाखवा, बेशुद्ध असाल तर तेच बोलेल.

पोलीस आणि कोर्ट. अपघात झाला, भांडणात नाव आलं, तर मोडक्या अरबीत घडलेलं सांगायला जाऊ नका. "इन्ता शूफ?" ला तुम्ही "फी शूफ" म्हणालात आणि तुम्हाला म्हणायचं होतं की नंतर बघितलं, तर कागदावर काय उतरेल सांगता येत नाही. एकच वाक्य, "अना अबगा मुतरजिम", मला दुभाषा हवा. तो येईपर्यंत सही नाही. तातडीचा नंबर ९९९९, पोलीस, अॅम्ब्युलन्स, आग सगळ्याला तोच.

करार आणि कागद. कराराला 'अगद' म्हणतात, सहीला 'तवगी'. वाद झाला की अरबी मजकूर धरला जातो, म्हणून तोंडी "सेम सेम, माफी मुश्किला" कोणी कितीही प्रेमाने सांगितलं तरी "अव्वल तरजमा, बादेन तवगी", आधी भाषांतर मग सही. आमच्या रूममधल्या एकाने न वाचता सही केली होती, पगाराचा आकडा इंग्लिश कागदापेक्षा अरबीत कमी होता, आणि त्याला ते सहा महिन्यांनी कळलं. कुठे अडकलातच तर मस्कतमध्ये भारतीय दूतावास आहे आणि भारत सरकारच्या मदद पोर्टलवर घरच्यांना पण तक्रार टाकता येते, हे निघण्याआधी घरी सांगून ठेवा.

९. बायकांशी, म्हाताऱ्यांशी, घरात

थोडक्यात. मोडक्या अरबीत बाईला पण 'इन्ता' चालतं पण खरं रूप 'इन्ती' आहे, ते वापरलंत तर बरं वाटतं त्यांना. कामगार घरमालकाला 'बाबा', मालकिणीला 'मामा' किंवा मॅडम म्हणतात, कंपनीच्या मालकाला 'अरबाब'. घरात शिरताना अस्सलामु अलैकुम, धर्म कुठलाही असो, ते नमस्कारासारखंच आहे. काही मागताना 'लव समहत' (कृपया), मग शुक्रन (धन्यवाद). 'खल्ली वल्ली' (सोड रे, जाऊ दे) हा शब्द रूमवर मजेत चालतो, गिऱ्हाइकासमोर किंवा साहेबासमोर कधीच नाही, उद्धट वाटतो.

१०. तीन महिन्यांनंतर

तोपर्यंत तुमच्या वहीत दोनशे-अडीचशे शब्द झालेले असतील आणि कामाचं अडणार नाही. बहुतेक जण इथेच थांबतात, वीस वर्षं राहून तेवढ्यावरच राहतात. माझं सांगणं आहे की थांबू नका. अक्षरं शिका, अठ्ठावीसच आहेत, रात्री अर्धा तास दिलात तर महिन्यात पाट्या वाचता येतात. मग ऐकताना फरक टिपा, ओमानी माणूस दुसऱ्या ओमानीला कसं म्हणतो आणि तुम्हाला कसं म्हणतो, ते दोन्ही वहीत शेजारी शेजारी लिहा. एकेक शब्द सुधारत न्या, आज 'इन्ती', उद्या 'अना रुह्त' (मी गेलो), परवा आणखी एक.

मी हे चौथ्या वर्षी सुरू केलं, उशीरच केला. पहिल्यांदा एका गिऱ्हाइकाच्या घरी 'अव्वल रूह' न म्हणता 'रुह्त' म्हणालो तेव्हा ते थांबले, नाव विचारलं, गाव विचारलं, आणि मजलिसमध्ये (पाहुण्यांच्या बैठकीत) बसवून खजूर, हलवा आणि गहवा समोर ठेवला. त्यांच्याकडे कप रिकामा झाला की परत भरतात, मी चार कप प्यालो कारण नको कसं म्हणायचं माहीत नव्हतं. तेव्हा त्यांच्या लहान मुलाने मला दाखवलं: रिकामा कप दोन बोटांत धरून थोडासा हलवायचा, म्हणजे बस.